मत ठरवायला वेळ कोठून आणू?

रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीकाठच्या एका गावातून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे वय ३८. सकाळी साडेआठला त्या काजू कारखान्यात जातात आणि संध्याकाळी साडेसहाला परततात. पती मच्छीमार बोटीवर खलाशी असल्याने आठ-आठ दिवस घरी नसतात. घरात सासूबाई, आठवीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा आहे. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीची निवडणूक तोंडावर आली आहे. त्या लिहितात, “आजवर मुंबईचे भाऊजी फोनवर सांगतील ते किंवा वाडीच्या बैठकीत ठरेल ते बटण दाबत आले. या वेळी आपले आपण समजून मत द्यावे असे फार वाटते, पण पेपर वाचायला वेळ नाही, टीव्हीवर नुसती भांडणे असतात आणि मला राजकारणातले काही कळत नाही. दारात नळ बसून दोन वर्षे झाली, पण एप्रिलपासून पाणी येत नाही. पऱ्यावरचा साकव, म्हणजे ओढ्यावरचा लहान पूल, गेल्या पावसात खचला, त्यामुळे मुलगा शाळेला वळसा घालून जातो. आरोग्य केंद्रात डॉक्टर कधी असतात, कधी नसतात. कोणीही निवडून आले तरी हे असेच राहते. न कळता मत देण्यापेक्षा त्या दिवशी घरी राहिलेले बरे का?”

प्रिय ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. घरी राहू नका. तुम्ही न दिलेले मत कोणाला शहाणे करीत नाही. ज्यांनी तुम्हाला कधी काही विचारलेच नाही, त्यांचे काम मात्र त्याने अधिक सोपे होते. तरीही तुमच्या मनातील संकोच मला खरा वाटतो आणि त्याचा मान राखूनच पुढचे लिहिते आहे, कारण अशाच आशयाची पत्रे मला दर निवडणुकीच्या आधी येतात, आणि त्यांतील बहुतेक स्त्रियांची असतात.

“मला काही कळत नाही” असे तुम्ही लिहिले आहे. त्याच पत्रात नळाला पाणी केव्हापासून येत नाही, साकव कोणत्या पावसात खचला आणि आरोग्य केंद्रात काय चालते हेही तुम्हीच लिहिले आहे. ज्या निवडणुकीत तुम्ही मत देणार आहात तिचा विषय नेमका हाच आहे. दिल्लीत कोणाची युती झाली आणि कोणी कोणावर काय टीका केली, हे माहीत असणाऱ्याला आपण जाणकार म्हणतो, आणि टंचाईच्या दिवसांत पहाटे चारला विहिरीवर नंबर लावणारी बाई स्वतःला अडाणी समजते. ही समजूत आपल्या गावांत फार खोल रुजली आहे आणि ती मला मनापासून चुकीची वाटते. घरोघर वर्तमानपत्र येत नव्हते त्या काळातही आपल्याच पट्ट्यातील राजापूर लोकसभा मतदारसंघाने १९५७ पासून बॅरिस्टर नाथ पै यांना आणि १९७१ पासून मधु दंडवते यांना पुन्हा पुन्हा निवडून दिले. ते मतदार सगळेच काही पेपर वाचून मतदानाला गेले नव्हते.

तुमच्याकडे माहिती आहे. उणीव आहे ती एका दुव्याची: कोणते काम कोणत्या खुर्चीचे, हे तुम्हाला कोणी सांगितलेले नाही. तो दुवा नसल्यामुळे महामार्गाच्या खड्ड्यांचा राग पंचायत समितीच्या उमेदवारावर निघतो आणि ज्याला पाण्याबद्दल विचारायला हवे तो हायवेवर भाषण करून सुटतो. म्हणून हा भाग थोडा सविस्तर सांगते.

तुम्हाला दोन मते द्यायची आहेत, एक जिल्हा परिषदेच्या गटासाठी आणि दुसरे पंचायत समितीच्या गणासाठी (गट आणि गण म्हणजे त्यांचे मतदारसंघ). मुंबई-गोवा महामार्ग, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६६, हा केंद्राचा विषय. एसटी, वीज, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालये हे राज्याचे विषय. समुद्रात किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत येते, त्यापुढची केंद्राच्या. म्हणून एलईडी दिव्यांनी होणाऱ्या मासेमारीबद्दल तुमच्या यजमानांची जी तक्रार असेल, ती या निवडणुकीत मांडून फारसा उपयोग होणार नाही, ती विधानसभेच्या आणि लोकसभेच्या वेळी जपून ठेवावी. प्राथमिक शाळा, अंगणवाडी, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र, गावांना जोडणारे लहान रस्ते, ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या बहुतेक योजना ही मात्र जिल्हा परिषदेची कामे. त्यातही एक बारकावा आहे. आरोग्य केंद्राची इमारत, औषधे आणि तिथली बहुतेक कर्मचारी मंडळी जिल्हा परिषदेकडे असली तरी वैद्यकीय अधिकाऱ्याची नेमणूक राज्य शासन करते. तेव्हा “डॉक्टर आणून देतो” असे उमेदवार म्हणाला तर ते सर्वस्वी त्याच्या हातात नाही. पण डॉक्टरांचे पद रिकामे राहिल्याचा पाठपुरावा सभागृहात त्याने किती वेळा केला, हे विचारण्याचा अधिकार तुम्हाला आहे. साकवाचे म्हणाल तर तो जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे आहे की सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, हे आधी ग्रामपंचायतीत विचारून घ्या. तो कोणाच्या दप्तरी आहे हे कळले, की पुढचा प्रश्न कोणाला विचारायचा ते आपोआप ठरेल.

आता नळाचे पाहू, कारण मला वाटते तुमचे मत नळावरच ठरावे. तुमच्या दारातला नळ बहुधा जलजीवन मिशनमधला असावा. ही योजना १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झाली आणि तिच्यात प्रत्येक माणसामागे दररोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरलेले आहे. तुमच्या घरात यजमानांसह पाच माणसे, म्हणजे २७५ लिटर. तुमचा हंडा १५ लिटरचा धरला तर दिवसाला अठरा हंडे भरतील एवढे पाणी त्या नळातून यायला हवे. योजना उभी करणे हे साधारणपणे जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाचे काम, मोठी असेल तर महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचे. आणि उभी राहिल्यावर ती चालवणे, पंप, वीजबिल, पाणीपट्टी हे ग्रामपंचायतीचे. त्यामुळे तुमच्या नळाला पाणी नसण्याची कारणे निरनिराळी असू शकतात. विहिरीचा उद्भवच उन्हाळ्यात आटत असेल तर जागा निवडतानाच चूक झाली, टाकीचे काम अर्धवट असेल तर ठेकेदाराकडून ते करून घेणारे कमी पडले, वीजबिल थकले असेल तर प्रश्न ग्रामपंचायतीचा. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तरीही एप्रिल-मे महिन्यांत वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते, याचे उत्तर “पाऊसच कमी झाला” हे असू शकत नाही. तुम्हाला सगळी योजना समजून घ्यायची गरज नाही. यांपैकी आपल्या वाडीचे कारण कोणते, एवढे एक शोधा.

माझी एक आते गुहागरच्या बाजूला राहायची. चौथीपुढे शिकलेली नव्हती. तिच्या स्वयंपाकघरात चुलीच्या वरच्या भिंतीला खिळ्यावर एक दिनदर्शिका असे. धुराने तिची पाने कडेला पिवळी पडलेली असत. दुधाचा हिशेब, गाय व्यायची तारीख, श्राद्धपक्ष, सगळे त्यावर. नळ आल्यापासून तिने आणखी एक सवय लावून घेतली. ज्या दिवशी पाणी येई त्या तारखेभोवती ती पेन्सिलीने गोल काढायची. एका निवडणुकीच्या प्रचारात चार-पाच जण खळ्यात येऊन बसले, सरबत प्यायले आणि त्यांच्यातला एक म्हणाला, “काकी, आता पाण्याचा प्रश्न मिटला ना?” आते काही न बोलता आत गेली, खिळ्यावरची दिनदर्शिका काढून आणली आणि एप्रिलचे पान उघडून त्यांच्यासमोर ठेवली. महिन्यात सहा गोल होते. ती मंडळी त्या पानाकडे पाहत राहिली. आतेने कोणावर आवाज चढवला नाही, पण त्या दिवशी खळ्यात जे बोलणे झाले ते आधीच्या प्रचारातल्या कोणत्याही बोलण्यापेक्षा कामाचे होते. कोणती वाहिनी फुटली आहे, कोणाकडे अर्ज पडून आहे, हे तिथे प्रथमच कोणीतरी उच्चारले.

आता वेळेविषयी. तुम्ही वेळ हा फक्त स्वतःचा प्रश्न समजून लिहिले आहे, जणू तुमच्याच दिवसात कुठेतरी अर्धा तास सांडलेला आहे आणि तो तुम्ही शोधायला हवा. मला तसे दिसत नाही. साडेसहाला घरी येऊन स्वयंपाक, पाणी, मुलांचा अभ्यास आणि सासूबाईंची औषधे हे सारे करणाऱ्या बाईच्या दिवसात सांडलेला अर्धा तास नसतो. गावातले पुरुष चहाच्या टपरीवर, देवळाच्या पायरीवर किंवा जाळी विणता विणता राजकारण बोलतात, तेव्हा त्यांनी वेळ काढला असे कोणी म्हणत नाही. तो त्यांना मिळालेलाच असतो, कारण त्या वेळी घरातले काम दुसरे कोणी करीत असते. म्हणून वेळ शोधू नका, घरात मागा. सासूबाईंना सांगा की मतदान होईपर्यंत दर रविवारी संध्याकाळचा एक तास मी या कामाला देणार आहे आणि त्या तासाची भाकरी मुलगी टाकील किंवा आदल्या दिवशीचे कालवण चालेल. यजमान किनाऱ्यावर असतील त्या रविवारी त्यांनाही काम वाटून द्या. सासूबाई पहिल्यांदा कुरकुरतील कदाचित. पण साकव खचण्याआधी तो कधी बांधला गेला, कोणाच्या काळात बांधला गेला, हे घरात त्यांच्याएवढे कोणाला आठवत असेल? त्यांना या कामात बसवून घ्या.

असे तीन-चार तास पुरतात, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक काम उमेदवारांची नावे ठरण्यापूर्वीच होऊ शकते. हे मुद्दाम सांगते, कारण चिन्हे वाटली गेल्यावर प्रचाराला फार थोडे दिवस उरतात आणि सगळा गोंधळ त्याच दिवसांत होतो. आधीच्या रविवारांत वाडीचे दोन प्रश्न नक्की करा. पाचांवर जाऊ नका. अर्धी सुट्टी मिळेल त्या दिवशी ग्रामपंचायतीत जाऊन ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, म्हणजे ज्यांना आपण ग्रामसेवक म्हणत आलो त्यांना, पाणी योजनेची आणि साकवाची स्थिती विचारा आणि मागच्या ग्रामसभांच्या इतिवृत्तात हे विषय आले होते का ते पाहा. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेण्याची तरतूद आपल्याकडे आहे. ती प्रत्यक्षात झाली होती की केवळ सह्या घेतल्या गेल्या, हेही त्याच वहीतून समजते. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, परंतु उत्तराला ३० दिवसांची मुदत असल्याने या निवडणुकीपूर्वी ते हाती येईलच असे नाही. तरीही करायचा असेल तर आताच करा. निवडून आलेल्या माणसाला पुढे विचारायला तो उपयोगी पडेल.

तुमचा बचत गट असेल तर आठवड्याच्या बैठकीत वसुलीचे काम आटोपल्यावर पंधरा मिनिटे या दोन प्रश्नांना द्या. गटाने अमुक पक्षाला मत द्यावे असे तिथे कोणी ठरवू नये, त्याने गट फुटतात आणि कर्जाची परतफेड बिघडते, हे मी पाहिले आहे. प्रश्न मात्र एकत्र बसून लिहावेत. दहा बायकांनी वेगवेगळ्या दिवशी विचारलेला एकच प्रश्न उमेदवाराच्या फार लक्षात राहतो.

नावे जाहीर झाल्यावर मुलीच्या मदतीने उमेदवारांची प्रतिज्ञापत्रे पाहा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालापासून उमेदवारावरील गुन्हे, मालमत्ता, देणी आणि शिक्षण जाणून घेणे हा मतदाराचा हक्क मानला गेला आहे, आणि आता स्थानिक निवडणुकांतही उमेदवाराला हे लिहून द्यावे लागते. फोनवर सापडले नाही तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात ते पाहता येते. वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. गुन्हा नोंद आहे एवढ्यावरून माणूस वाईट ठरवू नका. आपल्याकडे जैतापूरच्या, बारसूच्या आंदोलनांत साध्या गावकऱ्यांवरही गुन्हे दाखल झाले आहेत. कलम कशाचे आहे, फसवणुकीचे, मारहाणीचे की जमावबंदी मोडल्याचे, ते पाहा. दुसरे म्हणजे व्यवसायाचा रकाना. उमेदवार किंवा त्याच्या घरचे कोणी ठेकेदार असेल, तर साकवाच्या आणि पाणी योजनेच्या कामावर उद्या देखरेख कोण करणार, हा प्रश्न तुम्ही मोकळेपणाने विचारावा.

दारात प्रचार येईल तेव्हा एकच प्रश्न, पण नेमका विचारा: “आमच्या वाडीची योजना कोणत्या कारणाने बंद आहे आणि निवडून आल्यावर पहिल्या वर्षात तुम्ही त्यातले काय करणार?” ज्याला कारण माहीत आहे त्याने गावात पाय ठेवण्याआधी थोडा अभ्यास केला आहे. “मला माहीत नाही, दोन दिवसांत विचारून सांगतो” म्हणून जो खरोखर परत येतो, त्याचेही मला मोल वाटते. आपल्या राज्यात २०११ पासून स्थानिक संस्थांमध्ये निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, तेव्हा तुमच्या गटात किंवा गणात उमेदवार बाई असण्याची शक्यता बरीच आहे. तिच्याऐवजी तिचे यजमान उत्तर देऊ लागले, तर नम्रपणे म्हणा की मी वहिनींना विचारले आहे, आणि तिला बोलायला अवधी द्या. अनेकींना पहिले वाक्य सुचायला वेळ लागतो, दुसऱ्या वाक्यापासून त्या आपल्याच बोलीत नीट सांगतात.

आता भाऊजी आणि वाडी. भाऊजींचे ऐकणे यात स्वतः काही गैर नाही. आपण सगळेच कितीतरी गोष्टींत आपल्याहून अधिक जाणणाऱ्याचे ऐकतो. फक्त त्यांना आजवर न विचारलेला प्रश्न या वेळी विचारा, “भाऊजी, का?” त्यांनी जे कारण सांगितले ते वाडीच्या पाण्याशी, शाळेशी जुळत असेल तर त्यांचे म्हणणे विचारात घ्या. ते मुंबईतल्या कोणाच्या ओळखीपुरते असेल, तर भाऊजी शिमग्याला आणि गणपतीला चार दिवस गावी येतात आणि तुम्ही बाकीचे सगळे वर्ष इथे पाणी भरता, हे लक्षात ठेवून निर्णय करा. त्यांच्याशी वाद घालण्याची गरज नाही. “बघते, विचार करते” एवढे पुरे आहे.

वाडीच्या बैठकीबद्दल मी अधिक जपून लिहिते. शहरातले लोक तिला सरसकट मागासलेपणा म्हणतात, ते मला मान्य नाही. साठ-सत्तर मतांच्या वाडीत उमेदवार एकेकट्या मतदाराकडे पाहत नाही. सगळे एकत्र बोलले तरच पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, होते, सभामंडप होतो, स्मशानशेड होते. या एकीला कारण आहे आणि तिच्यातून कामे झालेली आहेत. माझी अडचण एवढीच आहे की त्या बैठकीत बहुधा पुरुष बसतात, आणि म्हणून मागणीत सभामंडप येतो, नळ येत नाही. तेव्हा बैठकीनंतर रागावण्यापेक्षा बैठकीच्या आधी बोला. वाडीप्रमुखांना चार बायकांनी मिळून सांगावे की या खेपेला पहिली मागणी पाण्याची असू दे आणि ठरवताना आम्हीही बसणार. ते ऐकले गेले तर वाडीच्या एकमतात तुमचेही मत असेल. नाही ऐकले, तर मतदान गुप्त आहे. तुम्ही कोणते बटण दाबले हे कोणालाही सांगण्याचे बंधन तुमच्यावर नाही, आणि तुमच्या दोन मतांपैकी एक वाडीच्या उमेदवाराला आणि एक दुसऱ्याला देण्याची मुभाही आहे. या कारणावरून कोणी वाळीत टाकण्याची भाषा केली, तर आपल्या राज्यात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे आणि असा बहिष्कार हा शिक्षेचा गुन्हा आहे. बहुतेक ठिकाणी गोष्ट इतकी ताणली जात नाही, पण ताणली गेलीच तर एकटे राहू नका.

सगळे पाहूनही एकही उमेदवार मनाला पटला नाही, तर २०१३ पासून ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण आहे. घरी राहण्यापेक्षा ते निश्चित बरे, कारण ते मोजले जाते. तरी माझा अनुभव असा की दोन नेमके प्रश्न हाती घेऊन पाहिले, की उमेदवारांमध्ये थोडा तरी फरक दिसतोच, आणि त्या थोड्या फरकावर मत देण्यात काही कमीपणा नाही. ते चुकले असे पुढे वाटले तरी तो तुमचा स्वतःचा निर्णय असेल आणि पुढच्या वेळी त्यातले काय बदलायचे हे तुम्हाला माहीत असेल.

या रविवारी पहिले काम म्हणून मुलीच्या फोनवर मतदार यादीत तुमचे नाव आणि केंद्र तपासून घ्या. या निवडणुकांना विधानसभेची यादी ठरावीक तारखेपर्यंतची धरतात, त्यामुळे ऐनवेळी नाव घालता येत नाही, आणि लग्नानंतर माहेरच्याच यादीत राहिलेल्या कितीतरी जणी केंद्रावरून परत जाताना मी पाहिल्या आहेत. यजमानांचेही नाव पाहा आणि मतदानाच्या दिवशी बोट किनाऱ्यावर असावी म्हणून त्यांना तांडेलाशी, म्हणजे बोटीच्या प्रमुखाशी, आधीच बोलून ठेवायला सांगा. आणि स्वयंपाकघरात दिनदर्शिका असेल तर तिच्याजवळ दोरीने एक पेन्सिल बांधून ठेवा.